मीठ माझं

"तूप तुमचं, साखर तुमची, मैदा तुमचा. मीठ माझं."

एवढं बोलून दादा बरणीत तीन बोटं घालायचे. चिमूट बाहेर काढून परातीवर धरायचे आणि चिमटीकडे न बघता समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. मीठ परातीत टाकायचं की या माणसात, हे जणू अजून ठरायचं होतं. मग अंगठा जरा हलायचा, थोडं मीठ बरणीत परत जायचं आणि उरलेलं तुपात. किती परत गेलं नि किती पडलं, हे मला वीस वर्षांत कळलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी पत्र्याचा डबा आणि सामानाची पिशवी घेऊन भट्टीपुढे रांग धरली असेल, त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवर चौकाच्या मागच्या बोळात दादांची भट्टी होती. तिथं विकायला काहीच नसायचं. तुम्ही घरून तूप, साखर, मैदा न्यायचा, दादा तुमच्यासमोर मळून त्याची नानखटाई भाजून द्यायचे. प्रत्येक घराचा भाजायचा पत्रा वेगळा, पत्र्यावर नावाची चिठ्ठी. दिवाळीच्या आधी तर चिठ्ठ्या संपायच्या, मग कुणाच्या पत्र्यावर किल्ली, कुणाच्या पत्र्यावर रुद्राक्ष, अशी खूण ठेवावी लागायची.

सांगलीहून बँकेची बदली होऊन मी उज्जैनला आलो, तेव्हा पहिल्याच दिवाळीला बायकोनं मला भट्टीवर पाठवलं. तिनं सगळं मापून पुड्या बांधल्या होत्या. शेवटची पुडी मिठाची. दादांनी ती पुडी दोन्ही हातांनी मला परत दिली, पाहुण्याची विसरलेली छत्री परत करावी तशी.

"का हो, आमच्या मिठाला काय झालं?"

"काही नाही झालं. ते भाजीत टाका. इथे माझंच चालतं."

"पण मापून आणलंय. अर्धा चमचा."

"चमचा कुणी सांगितला? तुपानं सांगितला का?"

तूप बोलतं हे मला माहीत नव्हतं. दादांनी आमच्या तुपाचा डबा उघडला, बोटाच्या टोकावर थोडं घेऊन जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. "विरजण आंबट होऊन गेलं होतं. वहिनी दोन दिवस विसरल्या वाटतं." घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती आठवडाभर दादांवर रागावली होती, कारण ती खरंच विसरली होती.

त्यांचं म्हणणं साधं होतं. घरोघरचं तूप वेगळं. कुणाचं आंबूस, कुणाचं कढताना जळलेलं, कुणाचं बाजारचं. साखर सगळं झाकते असं लोकांना वाटतं, पण नुसती साखर घातली की तूप टाळ्याला चिकटून बसतं आणि दुसरी नानखटाई खावीशी वाटत नाही. मीठ पडलं की गोडाला कड येते. म्हणून मीठ तूप चाखूनच पडणार, आणि चाखणारा तेच. खडेमीठ ते तव्यावर भाजून पाट्यावर वाटायचे, इतकं बारीक की बोटाला मैदा लागला की मीठ ते कळू नये. आणि ते पिठात कधी टाकायचे नाहीत. आधी तुपात, तूप फेटतानाच.

"मीठ आहे हे कळायला नको, साहेब. नाही हे कळायला पाहिजे."

मी सांगलीचा. त्यांच्या मराठीला पहिली दोन वर्षं मनातल्या मनात हसलो. "मी सांगून राहिलो ना", "तुम्ही बसा तर सही", "टेंशन नका घेऊ, होऊन जाईल". तिसऱ्या वर्षी माझी बहीण फोनवर म्हणाली, "तू हल्ली काय रे हे 'येऊन राहिलोय, येऊन राहिलोय' करतोस? येतोयस तर ये ना." तेव्हापासून हसणं बंद केलं.

त्यांचे कोणी पूर्वज म्हणे राजवाड्यात, सरकारांच्या मुदपाकखान्यात होते आणि त्यांच्याकडे फक्त मीठ घालण्याचं काम होतं. स्वयंपाक दुसऱ्यांनी करायचा, यांनी शेवटी येऊन मीठ घालायचं आणि निघून जायचं. यात खरं किती, मला माहीत नाही. मी एकदा विचारलं, "आणि चुकलं तर?"

"तर मग नाव त्यांचंच. आचाऱ्याचं नाही. मीठ ज्याचं, चूक त्याची."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते लक्षात ठेवा.

निवृत्त झाल्यावर आम्ही उज्जैनमध्येच, नानाखेड्याला घर घेतलं आणि मुलानं एक विजेची भट्टी पाठवली. सोबत मापाचे चमचे, इवलासा काटा. मला वाटलं, आता दादांची गरज काय. एका दुपारी बायको माहेरी गेलेली पाहून मी नानखटाई केली. सगळं ग्रॅममध्ये. फक्त बारीक मीठ सापडेना, म्हणून लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ घेतलं. वाटायचा कंटाळा आला. वजन तर तेवढंच भरत होतं.

ती नानखटाई मोठ्या ऐटीत मी भट्टीवर नेली. दादांनी एक उचलली. पहिल्याच घासाला त्यांच्या दाताखाली जो आवाज झाला, तो मला दोन हातांवर ऐकू आला. त्यांनी पूर्ण खाल्ली. पाणी प्यायले. रांगेतले लोक थांबले होते.

"समुद्र छान झाला आहे, साहेब. आता नानखटाई कधी करता?"

त्यानंतर कधीही मला बघितलं की ते विचारायचे, "काय, समुद्र कसा आहे?"

मग ती साथ आली. दादा पंधरा दिवस तापले, उठले, भट्टी पुन्हा पेटली. आपण सगळेच त्या काळात एकमेकांना जिवंत बघून इतके खूश होतो, की बारीकसारीक बदल कुणाच्या लक्षात येत नव्हते. माझ्याही आला नसता. पण एका सकाळी रांगेत मी एकटाच होतो. दादांनी माझा तुपाचा डबा उघडला, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. नेहमीसारखं. पण डोळे उघडून ते बरणीकडे गेले नाहीत. तूप घेतलेलं दुसरं बोट त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"जरा बघा तर. कसं आहे?"

मी चाखलं. "चांगलं आहे की."

"चांगलं म्हणजे? आंबट? जळकं?"

"दादा, तुम्ही आत्ता चाखलंत ना?"

त्यांनी बोळाच्या तोंडाकडे एकदा बघितलं. कोणी येत नव्हतं.

"मला माती खाल्ल्यासारखं वाटतं, साहेब. सगळंच. वरण पण माती, श्रीखंड पण माती. तीन महिने झाले." मग परातीत हात घालून म्हणाले, "कुणाला सांगू नका. बोट बुडवून डोळे मिटतो, लोकांना वाटतं चाखून राहिले. हातानं मीठ टाकून राहिलो. हाताला आठवतं थोडं थोडं. पण तूप नवीन आलं की हात घाबरतो."

चौकापलीकडे नुकतीच एक काचेची बेकरी उघडली होती, थंड हवेची. दादांना चव नाही हे कळायचा अवकाश, डबे तिकडे वळले असते. आणि भट्टी नसेल तर दादांनी सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न मला निवृत्त माणूस म्हणून जरा जास्तच कळत होता.

अशा रीतीने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला नोकरी लागली. पद: दादांची जीभ. सकाळी स्कूटरवरून नानाखेड्याहून यायचं, भट्टीजवळच्या स्टुलावर बसायचं, फेटलेल्या तुपाचा गोळा नजर चुकवून तोंडात टाकायचा आणि दादांना सांगायचं. अट एकच. त्याआधी कचोरी नाही, शेव नाही, पान नाही. उज्जैनमध्ये ही अट म्हणजे संन्यासच.

सुरुवातीला मी फार बोलायचो. "तुपाचा स्वभाव सौम्य आहे, पण शेवटी किंचित..."

"साहेब, व्याख्यान नको. कमी की जास्त?"

पण लोकांसमोर कमी-जास्त कसं म्हणणार? मग आम्ही खूण ठरवली. मीठ कमी असलं की मी म्हणायचं, "आज गारवा आहे." जास्त झालं की, "ऊन आहे." बरोबर असलं की, "हवा ठीक आहे." योजना माझी. त्यात एक खोट होती ती उन्हाळ्यात कळली. भर जेठात, भट्टी पेटलेली, पत्रा तापलेला, रांगेतल्या माणसांचे सदरे पाठीला चिकटलेले, आणि मी तोंड पुसत म्हणतो, "दादा, आज गारवा आहे हां." भैरवगढहून कापड छापणारे एक गृहस्थ यायचे, त्यांना मराठी चांगलं समजायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दादा, भाईसाब को छाँव में बिठाओ."

फ्रीगंजात माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी बायकोपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. मी काही बोललो नाही. गुप्ततेची शपथ होती. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आयुष्यभर माझ्या सहीला किंमत होती, जिभेला पहिल्यांदाच आली होती.

सात महिने कुणाला काही कळलं नाही.

मग ताई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं, वऱ्हाड पुण्याहून येणार होतं. रुखवतात ठेवायला नानखटाई हवी होती, तीन मोठे डबे. "बाकी सगळं विकत आणलं, दादा. ही एक गोष्ट माझ्या हातची हवी." तुपासाठी त्यांनी तीन महिने साय साठवली होती. डबा उघडला तेव्हा बोळात वास पसरला. दादांनी वाकून डब्यावर नाक धरलं. त्यांना काहीच कळलं नसणार, पण ते म्हणाले, "वा."

आता माझं काय झालं ते सांगतो. त्या सकाळी टॉवर चौकात बँकेतला जुना सहकारी भेटला. त्यानं मला मीठं पान दिलं, म्हणजे गोड पान. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "अरे, एकच तर आहे." मला वाटलं, भट्टीवर पोचेपर्यंत तोंड साफ होईल. त्या पानात पिपरमिंटची थंडाई घातलेली होती. स्टुलावर बसलो तेव्हा माझ्या तोंडात हिमालय होता.

गोळा चाखला. काही कळेना. दादा माझ्याकडे बघत होते, ताई दादांकडे. तेव्हा "आज मला कळत नाही" एवढे चार शब्द बोलायचे होते. पण पद मोठं होतं ना.

"गारवा आहे," मी म्हणालो.

दादांनी चिमूट धरली. माझ्या तोंडाकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मीठ टाकलं. पुन्हा गोळा आला. तोंडात तसाच बर्फ.

"अजून गारवा आहे."

अजून एक चिमूट पडली. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "हवा ठीक आहे." कशावरून म्हणालो, देव जाणे. बहुतेक सारखं गारवा म्हणायची लाज वाटली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई डबा घेऊन आल्या. रांगेत सहा-सात माणसं होती. त्यांनी आवाज चढवला नाही. डबा फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, एक खाऊन बघा."

दादांनी खाल्ली. सावकाश चावली. त्यांना तोंडात माती लागत होती हे तिथं फक्त मला माहीत होतं. चावता चावता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

माझी चूक सांगायला मी उठलो, हे खरं आहे. आणि अर्ध्यावरच थांबलो, हेही खरं आहे. मी बोललो असतो तर दादांचं गुपित फुटलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. त्यात किती तथ्य होतं आणि किती भित्रेपणा, ते तुम्हीच ठरवा.

"खारट आहे ना, ताई?" दादा म्हणाले.

"खारट? तोंडात धरवत नाही."

"मला कळत नाही, ताई. त्या तापानंतर चव गेली माझी. कुणाला सांगितलं नाही. भट्टी बंद होऊन जाईल म्हणून नाही सांगितलं. तुमची तीन महिन्यांची साय गेली माझ्या हातानं."

रांगेतल्या एकानं आपला डबा उचलला आणि तो चौकाच्या दिशेनं निघाला. त्याच्यामागे अजून एक.

"मग इतके दिवस चाखत कोण होतं?" ताईंनी विचारलं.

"चाखणारा कोणी का असेना. मीठ माझं होतं."

ताई निघून गेल्या. डबा तिथंच राहिला. दादांनी त्या दिवशी पुढचं सामान घेतलं नाही. आम्ही दोघं बसून होतो. शेवटी मी म्हणालो, "दादा, मी पान खाल्लं होतं."

"माहीत आहे. ओठ लाल होते तुमचे."

"मग टाकलंत कशाला मीठ?"

त्यांनी बरणीवर झाकण ठेवलं. "दोनदा मनात आलं, नको टाकू. पण तुम्हाला जीभ म्हटलं ना मी. सात महिने बरोबर सांगितलं तुम्ही. एक दिवस ओठ लाल दिसले म्हणून भरोसा काढून घ्यायचा?" मग फळी पुसत म्हणाले, "घ्यायला पाहिजे होता. ती चूक माझी."

मी बरंच काही ऐकून घ्यायची तयारी करून बसलो होतो. हे ऐकायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटेल की नाही याची खात्री नव्हती, तरी मी गेलो. ताई माझ्याआधी आल्या होत्या. हातात तुपाचा डबा. "घरचं संपलं. हे भावजयीकडचं आहे," त्या दादांना म्हणाल्या. "लग्न परवावर आहे, मला दुसरीकडे जायला वेळ नाही. मळा." मग माझ्याकडे वळून, वर्गात शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघून म्हणाल्या, "उठा. तिथं मी बसते."

मी उठलो. दादांनी तूप फेटलं, चिमूट टाकली, बोटावर थोडं घेऊन ताईंपुढे धरलं. ताईंनी चाखलं. "अजून थोडं." पुन्हा चाखलं. "बस." तेवढंच. हवामानाचा उल्लेखही नाही. मला माझ्या योजनेची पहिल्यांदाच लाज वाटली.

त्यानंतर दादा प्रत्येकाला सांगायचे, "मला चव नाही. तुमचं तूप तुम्ही चाखा." निम्मी माणसं गेली, ती परत आली नाहीत. निम्मी राहिली, आपापला गोळा चाखून कमी-जास्त सांगू लागली. चिमूट मात्र शेवटपर्यंत दादांच्याच तीन बोटांतून पडायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघत. माझी नोकरी गेली. तरी मी जायचो.

पुढे गुडघे गेले आणि भट्टी थांबली. दादा मुलाकडे राहायला आले, ते नानाखेड्यालाच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. खुर्चीत बसून असायचे. जेवण कमी झालं होतं. सूनबाई म्हणायच्या, "माती कुठवर खाऊ, असं म्हणून ताट सरकवतात."

मागच्या हिवाळ्यात मी ठरवलं, आपण करून न्यावी. माझ्या मुलानं पाठवलेली विजेची भट्टी पुसून काढली. या वेळी चूक नको म्हणून मीठ तव्यावर भाजलं, पाट्यावर वाटलं, दोनदा चाळलं. तूप बायकोनं कढवलेलं. पहिला पत्रा निघाला तो रंगानं इतका देखणा होता की मी चाखायलाही थांबलो नाही. पहिली दादांनीच खायची, असं मनात होतं. गरमच डब्यात भरली आणि गेलो.

दादांनी एक उचलली. मोडून आत बघितलं. तोंडात टाकली आणि सावकाश चावत राहिले, जेवढा वेळ चावत होते तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघत. मी पण बघत होतो. त्यांना काय लागत असणार ते मला माहीत होतं. तरी विचारलं.

"कशी आहे?"

त्यांनी शालीवरचा चुरा झटकला.

"आज गारवा आहे, साहेब."

हिवाळाच होता. सूनबाईंनी उठून खिडकी लावली. मी हसलो, जुनी आठवण काढून राहिले, असं वाटलं. दादांनी दुसरी उचलली, तीही संपवली. सूनबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. बऱ्याच दिवसांत त्यांनी मागून काही खाल्लं नव्हतं.

घरी आलो. स्वयंपाकघरात ओट्यावर वाटी होती. वाटीत दोनदा चाळलेलं मीठ, जसंच्या तसं.

दादांची चव परत आली होती, की मोडून बघितल्यावर त्यांना कळलं, की चव, रंग सोडून नुसतं मला बघून त्यांनी ओळखलं, हे उद्या जाऊन विचारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी पहाटे सूनबाईंचा फोन आला.

घरी दुसऱ्या पत्र्यावरची नानखटाई उरली होती. तेराव्यापर्यंत मी रोज चहाबरोबर एक खाल्ली. तूप टाळ्याला चिकटून बसायचं, गोडाला कड नव्हती. बायको एकदा म्हणाली, "वरून चिमूटभर भुरभुरून घ्या ना." मी वाटीत तीन बोटं घातली आणि तशीच बाहेर काढली.

मीठ माझं नव्हतं.